पीएस५ आणि स्विच एकाच कॅप्चर कार्डावर: काळं चित्र, राखाडी रंग, गायब आवाज

रात्रपाळी:
पीएस५ आणि निन्टेन्डो स्विच हे दोन्ही कन्सोल एकाच बाहेरच्या कॅप्चर कार्डावरून (कन्सोलचं चित्र आणि आवाज लॅपटॉपकडे पोचवणारं उपकरण) लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचे आहेत. कार्ड यूएसबी ३.० चं आहे, १०८०पी ६० (१०८० ओळींचं चित्र, सेकंदाला ६० फ्रेम) पर्यंत कॅप्चर करतं आणि त्याला दोन एचडीएमआय पोर्ट आहेत, एक इन आणि एक आउट. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम. टीव्ही ४के, ६० हर्ट्झ.

सध्याची स्थिती:
१. स्विचचं चित्र ओबीएसमध्ये येतं, पण काळा रंग राखाडी दिसतो.
२. पीएस५ टीव्हीवर व्यवस्थित दिसतो, ओबीएसमध्ये मात्र नुसतं काळं.
३. पार्टी चॅटमधल्या मित्रांचे आवाज रेकॉर्डिंगमध्ये अजिबात येत नाहीत. हेडसेट कंट्रोलरला लावलेला आहे.

कन्सोलमध्येच रेकॉर्डिंगची सोय असते, पण स्विच ३० सेकंदांच्या पुढे जात नाही आणि मला अख्खा खेळ हवा आहे, माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवून. तपासायला कुठून सुरुवात करावी? क्रमाने सांगितलंत तर नंतर येणाऱ्यांनाही धागा उपयोगी पडेल.

तारजोड:
दुसरा मुद्दा आधी घेऊ. पीएस५ वर सेटिंग्ज → सिस्टम → एचडीएमआय इथे जा आणि ‘एनेबल एचडीसीपी’ बंद करा. एचडीसीपी म्हणजे एचडीएमआयवरच्या चित्राची नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. ते चालू असेपर्यंत रीतसर बनवलेलं कुठलंही कार्ड ते चित्र लॅपटॉपकडे सोडणार नाही. बंद असताना व्हिडिओ बघायची बरीच अ‍ॅप्स चालत नाहीत. सिनेमा बघायचा असेल तेव्हा परत चालू करायचं.

बटणबहाद्दर:
+१. शीर्षकात ‘काळं चित्र’ वाचलं तेव्हाच पहिला प्रतिसाद काय असणार ते कळलं होतं.

फ्रेमवेडी:
टीव्हीवर दिसतं आणि ओबीएसमध्ये दिसत नाही, असं का होतं ते सांगून ठेवते. हे कळलं नाही म्हणून चांगली कार्डं परत केली जातात.

एचडीसीपी चालू असताना कन्सोल आणि टीव्ही यांच्यात चाव्यांची देवाणघेवाण होते आणि तारेतून जाणारं चित्र कूटबद्ध होतं. कार्डाचा पासथ्रू, म्हणजे इनमधून आउटकडे टीव्हीला जाणारी वाट, ते तसंच पुढे पोचवतो, टीव्हीकडे चावी असते, चित्र उलगडतं. कॅप्चरच्या वाटेवर मात्र ते उलगडून यूएसबीवर सोडायला कार्डाला परवानगी नसते. त्यामुळे तिथे काळं दिसतं किंवा कार्डाच्या सॉफ्टवेअरची सूचना येते.

बाकी कन्सोलचं असं आहे. पीएस४ मध्ये सेटिंग्ज → सिस्टम इथेच बटण आहे. एप्रिल २०१४ च्या १.७० अपडेटनंतर ते मिळालं. पीएस३ च्या एचडीएमआयवरचं एचडीसीपी बंदच होत नाही, तिथे कंपोनंट केबल आणि कंपोनंट इनपुट असलेलं कार्ड हाच मार्ग. एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स/एस ला वेगळं बटण नाही, गेम चालू असताना चित्र मोकळंच असतं आणि व्हिडिओ अ‍ॅप उघडलं की कुलूप लागतं. स्विचवर गेमचं चित्र मोकळंच येतं, म्हणून तुमचं स्विच दिसतंय.

नवखा_खेळाडू:
मधे एखादा स्प्लिटर लावला की एचडीसीपी निघून जातं असं वाचलंय. खरं आहे का?

व्यवस्थापक:
संरक्षण काढून टाकणाऱ्या उपकरणांची चर्चा या विभागात नको. गेम रेकॉर्ड करायला त्याची गरजही नाही, वर फ्रेमवेडींनी दिलेली यादी पुरेशी आहे.

तारजोड:
स्प्लिटरबद्दल तांत्रिक बाजूनेही एक सांगतो. कन्सोल सुरू होताना समोरच्या उपकरणाला विचारतो की तू काय काय दाखवू शकतोस. त्या उत्तराला ईडीआयडी म्हणतात. मधे कार्ड आलं की उत्तर कार्ड देतं, कधी स्वतःचं, कधी टीव्हीचं आणि स्वतःचं मिळून. त्यात स्प्लिटर घातला की तिसरा बोलणारा आला, आणि ४के टीव्ही असूनही चित्र १०८०पी वर अडकण्यासारखे प्रकार सुरू होतात. कन्सोलची केबल कार्डाच्या इनमध्ये, कार्डाच्या आउटमधून टीव्हीला, एवढंच ठेवा. इन-आउट उलट लागलं तर दोन्हीकडे अंधार असतो, आणि पोर्टांवरची अक्षरं बारीक असल्यामुळे हे सहज होतं.

चालू करायचा क्रम: टीव्ही, मग लॅपटॉपला लावलेलं कार्ड, शेवटी कन्सोल. यूएसबीवर वीज घेणाऱ्या बऱ्याच कार्डांचा पासथ्रू लॅपटॉप बंद असताना चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

रात्रपाळी:
एचडीसीपी बंद केलं. आता ओबीएसमध्ये पीएस५ चा होम स्क्रीन एक क्षण चमकतो आणि परत काळं होतं. टीव्हीवर ठीक आहे.

फ्रेमवेडी:
मग पुढचा संशय रिझोल्यूशनवर. टीव्ही ४के आहे, म्हणजे पीएस५ ४के ६० पाठवतो आहे, बहुधा एचडीआरसकट (उजेड आणि रंगांचा जास्त मोठा पल्ला; नेहमीचं चित्र ते एसडीआर). १०८०पी वर कॅप्चर करणाऱ्या कार्डांचे दोन प्रकार असतात. एक ४के आत घेऊन, टीव्हीला ४के देऊन, लॅपटॉपसाठी स्वतः लहान करून १०८०पी देतो. दुसरा ४के फक्त पुढे पाठवतो आणि कॅप्चरसाठी समोरून १०८०पीच मागतो. तुमचं कोणतं, ते खोक्यावरच्या ‘पासथ्रू’ आणि ‘कॅप्चर’ या दोन वेगळ्या ओळींवरून पूर्ण कळत नाही, करून बघावं लागतं.

सेटिंग्ज → स्क्रीन अँड व्हिडिओ → व्हिडिओ आउटपुट इथे रिझोल्यूशन १०८०पी, एचडीआर बंद, व्हीआरआर (गेमप्रमाणे बदलता फ्रेमवेग) बंद, १२० हर्ट्झ बंद. चित्र आलं की एकेक गोष्ट परत चालू करा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोषी कोण ते कळणार नाही.

आणि बदलता बदलता टीव्हीसुद्धा काळा झाला तर घाबरू नका. पीएस५ पूर्ण बंद करा, पॉवर बटण दुसरा बीप ऐकू येईपर्यंत, साधारण ७ सेकंद, दाबून धरा. सेफ मोड उघडतो. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा, तिथे ‘चेंज व्हिडिओ आउटपुट’ मिळेल.

रात्रपाळी:
रिझोल्यूशन १०८०पी केल्यावर चित्र स्थिर. एचडीआर चालू केलं की रंग उडालेले, बंद केलं की ठीक. दुसरा मुद्दा सुटला, मनःपूर्वक आभार. पहिला आणि तिसरा उरला.

पिक्सेलपारखी:
पहिला मुद्दा माझ्या आवडीचा. हा आरजीबी रेंजचा घोळ आहे. टीव्हीच्या परंपरेत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५, ही लिमिटेड रेंज. संगणकाच्या परंपरेत ० ते २५५, ही फुल. पाठवणारा लिमिटेड पाठवतो आणि घेणारा फुल समजतो, तेव्हा १६ हा आकडा तसाच १६ म्हणून दाखवला जातो आणि काळा राखाडी होतो. उलट झालं तर सावल्यांमधले बारकावे काळ्यात बुडतात, ढगांमधले पांढऱ्यात.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. गेममध्ये लोडिंगचा पूर्ण काळा स्क्रीन येतो तेव्हा ओबीएसच्या सोर्सवर राइट क्लिक करून सोर्सचा स्क्रीनशॉट घ्या. तो कुठल्याही चित्रं रंगवायच्या प्रोग्रॅममध्ये उघडून रंग उचलायच्या पिपेटने काळ्यावर टिचकी मारा. १६, १६, १६ आला तर रेंज चुकली आहे. ०, ० , ० आला तर एक गडद प्रसंग उघडून बघा: भिंतीचा पोत, केसांच्या बटा दिसतात का? दिसत असतील तर जुळलं.

दुरुस्ती एकाच टोकाला करायची, दोन्हीकडे नाही. स्विचवर सिस्टम सेटिंग्ज → टीव्ही सेटिंग्ज → आरजीबी रेंज, पीएस५ वर व्हिडिओ आउटपुटमध्येच, एक्सबॉक्सवर व्हिडिओ फिडेलिटीच्या पानावर ‘कलर स्पेस’. टीव्ही लिमिटेडवर बसलेला असेल तर कन्सोलला हात न लावता ओबीएसमधल्या सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कलर रेंज’ लिमिटेड निवडा आणि ‘कलर स्पेस’ ७०९ (एचडी चित्राचं नेहमीचं रंगमाप).

नवखा_खेळाडू:
मग एचडीआरमुळे फिकं पडलेलं चित्र आणि रेंजमुळे फिकं पडलेलं चित्र, यांत फरक कसा ओळखायचा?

पिक्सेलपारखी:
रेंज चुकली की फक्त टोकं सरकतात. काळा वर येतो, पांढरा थोडा मळतो, पण गवत हिरवं आणि आभाळ निळंच राहतं. एचडीआरचं चित्र एसडीआर म्हणून वाचलं की सगळेच रंग पाणी घातल्यासारखे होतात, त्वचा मातकट दिसते. त्याला रेंज बदलून इलाज नाही. एकतर कन्सोलवर एचडीआर बंद, नाहीतर टोनमॅपिंग करणारं, म्हणजे एचडीआरचं एसडीआर करून देणारं कार्ड.

स्वस्तमस्त:
एवढं महाग कार्ड हवंच कशाला? पेनड्राइव्हएवढा एचडीएमआय डोंगल मिळतो, त्यावर ‘४के’ असं छापलेलं असतं, काम होतं.

फ्रेमवेडी:
@स्वस्तमस्त, ते ४के फक्त आत घेण्यापुरतं. यूएसबी २.० डोंगलमधून बाहेर पडतं ते बहुतेक वेळा १०८०पी ३०, तेही एमजेपेग करून, म्हणजे प्रत्येक फ्रेम जेपेग फोटोसारखी दाबलेली. गणित करून बघा. १०८०पी ६० न दाबता, वायूवाय२ स्वरूपात, म्हणजे दर पिक्सेलला २ बाइट: १९२० × १०८० × २ × ६० = सेकंदाला सुमारे २४९ एमबी. यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात हाती ३५ ते ४० एमबी. ७२०पी ६० सुद्धा त्यात न दाबता बसत नाही, ते ११० एमबी मागतं.

स्वस्तमस्त:
पण संथ गेमला ३० फ्रेम पुरेशा असतात. पत्त्यांचा, बुद्धिबळाचा, कोडी सोडवायचा गेम असेल तर कोणाला फरक कळणार?

फ्रेमवेडी:
संथ गेमला चालेल, मान्य. पण एमजेपेगमध्ये बारीक अक्षरांच्या कडेला ठिपके येतात, आणि कोड्यांच्या गेममध्ये वाचायला अक्षरंच जास्त असतात.

ध्वनिलहर:
डोंगल वापरणाऱ्यांसाठी आवाजाची सूचना. या डोंगलांमध्ये खूप ठिकाणी एमएस२१०९ नावाची चिप असते. ती स्वतःची ओळख ९६ किलोहर्ट्झ मोनो अशी सांगते, खरं तर आत ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ असतो, डावा-उजवा नमुना आळीपाळीने एकाच रांगेत घातलेला. त्यामुळे आवाज एका बाजूचा किंवा दबलेला वाटतो. ही गडबड डोंगलची आहे, ओबीएसची नाही. नवी एमएस२१३० चिप यूएसबी ३.० ची आहे.

स्वस्तमस्त:
ही माहिती कामाची आहे. धन्यवाद. एमएस२१३० वाला बघतो.

पिक्सेलपारखी:
वायूवाय२ की एनव्ही१२, न दाबलेल्या चित्राच्या या दोन स्वरूपांवर लोक उगाच वाद घालतात. एनव्ही१२ दर पिक्सेलला दीड बाइट घेतो, १०८०पी ६० ला १८७ एमबी. त्यात रंगाची माहिती अर्धी होते हे खरं, पण शेवटी नेहमीच्या एच.२६४ फाइलमध्ये रंग तेवढाच साठवला जातो. यूएसबीवर ताण येत असेल तर बिनधास्त एनव्ही१२ घ्या.

फ्रेमवेडी:
लाल रंगातली बारीक अक्षरं असतील आणि चित्र ओबीएसमध्ये ताणून मोठं करणार असाल, तर वायूवाय२ मध्ये फरक दिसतो. ताणणार नसाल तर तुमच्याशी सहमत.

तारजोड:
यूएसबीवरून आठवलं. कार्ड ३.० चं असून ओबीएसच्या यादीत फक्त एमजेपेग किंवा १०८०पी ५ फ्रेम असं दिसत असेल, तर ते २.० वर जोडलं गेलंय. तीन कारणं असतात. पोर्ट २.० चं आहे. किंवा सी टाइपची केबल फोन चार्जिंगची आहे, तिच्यात जलद जोड्यांच्या तारा नसतातच. कार्डासोबत आलेलीच केबल वापरा. किंवा तुम्ही प्लग हळूहळू सरकवत लावलात. ए टाइपच्या प्लगमध्ये २.० च्या पट्ट्या पुढे असतात आणि ३.० च्या मागे. हळू घातला की पुढच्या पट्ट्या आधी टेकतात आणि कार्ड २.० म्हणून ओळखलं जातं. काढून एका झटक्यात पूर्ण आत घाला.

३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ ही तिन्ही नावं एकाच ५ गिगाबिटच्या वेगाची आहेत. त्यात वापरायला मिळतात ४ गिगाबिट. ४के ३० एनव्ही१२ ला ३ लागतात, बसतं. ४के ६० ला जवळपास ६, बसत नाही. त्यासाठी १० गिगाबिटचं पोर्ट आणि तसंच कार्ड, किंवा डेस्कटॉपमधलं पीसीआयई कार्ड. यूएसबी हबमधून कार्ड लावू नका, हबवरची बाहेरची डिस्क त्याच वाटेत वाटेकरी होते.

बटणबहाद्दर:
झटक्यात घालायची सूचना सोन्यासारखी आहे. वाचनखूण साठवली.

नवखा_खेळाडू:
माझ्याकडे ओबीएसमध्ये डिव्हाइस दिसतं पण चित्र नाही. एचडीसीपीचा प्रश्न नाही, कन्सोल एक्सबॉक्स आहे आणि गेम चालू आहे.

ध्वनिलहर:
कार्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर मागे उघडं आहे का? बरीच कार्डं एका वेळी एकाच प्रोग्रॅमला चित्र देतात. ब्राउझरमधला व्हिडिओ कॉलसुद्धा कार्डाला कॅमेरा समजून धरून ठेवतो. सगळं बंद करा, ओबीएसमधल्या सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ करून परत ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करा. तरी नाही तर विंडोजच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → कॅमेरा इथे डेस्कटॉप अ‍ॅप्सना परवानगी आहे का बघा. विंडोजच्या दृष्टीने कॅप्चर कार्ड हाही कॅमेराच.

नवखा_खेळाडू:
व्हिडिओ कॉलचा टॅब उघडा होता. आलं चित्र.

जुनीकार्ट्रिज:
धागा नव्या कन्सोलचा आहे, पण जुन्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं विषयांतर.

सुपर निन्टेन्डो, मेगा ड्राइव्ह, पहिलं प्लेस्टेशन यांचे बहुतेक गेम २४०पी सोडतात, म्हणजे २४० ओळींची पूर्ण फ्रेम. स्वस्त कंपोझिट (पिवळ्या केबलचं) कार्ड त्याला ४८०आय, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या फ्रेम समजतं आणि दोन वेगळ्या फ्रेम एकमेकींत विणून एक करतं. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा म्हणजे लुकलुकणारी पात्रं. त्या काळात सावली किंवा मार खाल्लेलं पात्र अर्धपारदर्शक दाखवायला ते एका फ्रेमला काढायचे, पुढच्या फ्रेमला गाळायचे. कार्डाने ३० फ्रेमवर आणलं की ती सावली एकतर कायम दिसते, नाहीतर पूर्ण नाहीशी होते. खेळ चालू आहे आणि शत्रू अदृश्य, असं रेकॉर्डिंग तयार होतं.

उपाय म्हणजे मधे ओएसएससी किंवा रेट्रोटिंक-५एक्स सारखं उपकरण. ते २४०पी ला २४०पी म्हणूनच ओळखतं, ओळी पटीत वाढवून एचडीएमआय देतं. ओएसएससीच्या दुप्पट ओळी बहुतेक कार्डं घेतात, चौपट-पाचपटीला मात्र पुष्कळ कार्डं नकार देतात, कारण त्या सिग्नलचं वेळापत्रक टीव्हीच्या ठरलेल्या मापात बसत नाही. रेट्रोटिंकमध्ये ट्रिपल बफर निवडलं की कार्डाला नेहमीचा स्थिर वेग मिळतो.

पीएस२ साठी एक खास गोष्ट. कंपोनंट केबल लावण्याआधी साध्या पिवळ्या केबलवर सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ आरजीबीवरून वाय सीबी/पीबी सीआर/पीआर वर न्या. नाहीतर रंग विचित्र येतात आणि केबल खराब आहे असं वाटतं.

पिक्सेलपारखी:
सुंदर प्रतिसाद. त्यात वेगाची भर घालतो. सुपर निन्टेन्डो सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम काढतो. ६० वर रेकॉर्ड केलं तर दर १० सेकंदांना एक फ्रेम गळते. आजच्या कन्सोलची गोष्ट उलट, ते बहुधा ५९.९४ वर चालतात. ओबीएसमध्ये ६० ठेवलं तर साधारण दर १७ सेकंदांना एक फ्रेम दोनदा येते.

बटणबहाद्दर:
१७ सेकंदांत एक फ्रेम कुणाच्या डोळ्याला दिसणार?

पिक्सेलपारखी:
कॅमेरा संथपणे आडवा सरकत असेल, तर एक बारीक ठेच दिसते. ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंग्जमधल्या यादीत ५९.९४ आहेच, निवडायला खर्च नाही. एवढं करूनही ठेच दिसली तर स्टॅट्स खिडकीत ‘रेंडरिंग लॅग’ आणि ‘एन्कोडिंग लॅग’ बघा. तो दोष लॅपटॉपचा असतो, वेगाच्या आकड्याचा नाही.

फ्रेमवेडी:
रेकॉर्डिंगच्या सेटिंग्जही इथेच देते. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून फाइल बनवणारा भाग, ग्राफिक्स कार्डाचा घ्या, एनव्हेंक किंवा क्विक सिंक, प्रोसेसर मोकळा राहतो. रेट कंट्रोल सीक्यूपी (ठरलेला दर्जा, फाइलचा आकार बदलता), आकडा १८ ते २२. आकडा जितका कमी तितकी फाइल मोठी. ठरलेला बिटरेट हवा असेल तर १०८०पी ६० ला ४० मेगाबिट, म्हणजे मिनिटाला ३०० एमबी, तासाला १८ जीबी. डिस्क एफएटी३२ असेल तर ४ जीबीला फाइल थांबते, एक्सएफएटी किंवा एनटीएफएस करून घ्या.

फाइल एमकेव्ही ठेवा. साधी एमपी४ मधेच वीज गेली तर उघडत नाही, कारण तिची सूची शेवटी लिहिली जाते. रेकॉर्डिंग संपल्यावर फाइल मेनूमधल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने एमपी४ करा. चित्र परत दाबलं जात नाही, डबा फक्त बदलतो. ओबीएस ३०.२ पासून हायब्रिड एमपी४ही आहे, तीही मधे तुटली तरी वाचते.

प्रवासी_पॅड:
लॅपटॉप नसताना आयपॅडवर होतं का हे?

तारजोड:
आयपॅडओएस १७ पासून सी टाइप पोर्ट असलेला आयपॅड यूव्हीसी कार्डाचं चित्र घेतो, तेही दुकानातल्या एखाद्या अ‍ॅपमधून. ज्याला स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही ते यूव्हीसी कार्ड. दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडचं पोर्ट यूएसबी २.० वेगाचं आहे, तिथे वरचं ३५-४० एमबीचं गणित लागू. स्विच हातात धरून नाही, डॉकमधूनच चित्र देतं, आणि स्विच लाइटला चित्र बाहेर द्यायची सोयच नाही. पहिल्या स्विचच्या डॉकला १५ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लागतो, फोनच्या साध्या चार्जरवर स्विच चार्ज होईल पण टीव्हीला चित्र जाणार नाही.

रात्रपाळी:
स्विचची रेंज मोजली, काळा १६ होता. ओबीएसमध्ये लिमिटेड केल्यावर ० आला, सावल्याही शाबूत. आता तिसऱ्या मुद्द्याकडे कुणी वळेल का? पार्टी चॅट.

ध्वनिलहर:
हो, ते मागे पडलं. हेडसेट कंट्रोलरला लावला की पार्टीतले आवाज हेडसेटकडे जातात, आणि कार्डाला मिळतं फक्त एचडीएमआयवरचं. म्हणून ते आवाज दुसऱ्या वाटेने कार्डापर्यंत आणावे लागतात.

एक्सबॉक्सवाल्यांना सगळ्यात सोपं: व्हॉल्यूम अँड ऑडिओ आउटपुट → अ‍ॅडिशनल ऑप्शन्समध्ये ‘पार्टी चॅट आउटपुट’ हेडसेट आणि स्पीकर दोन्हीकडे करा. चॅट एचडीएमआयवर येतं, काम संपलं.

पीएस५ ला चॅट केबल लागते. तिचं एक टोक कंट्रोलरमध्ये, एक हेडसेटला, एक कार्डाच्या ३.५ मिमी अ‍ॅनालॉग इनला. कार्डाला तसं इन नसेल तर लॅपटॉपच्या लाइन-इनला किंवा यूएसबी साउंड कार्डाला. कुठलाही साधा वाय-जोड घेऊ नका. कंट्रोलरचा जॅक चार खणांचा असतो: टोकाला डावा, मग उजवा, मग ग्राउंड, मुळाशी माइक. तीन खणांचा प्लग त्यात घातला की मुळाचा माइक ग्राउंडला टेकतो आणि कन्सोलला माइक नाहीच असं वाटतं. चॅट केबलमध्ये माइकची तार फक्त हेडसेटपर्यंत जाते, कार्डाकडे नाही.

नंतर पीएस५ च्या साउंड → ऑडिओ आउटपुटमध्ये ‘आउटपुट टू हेडफोन्स’ ठरवा. ‘चॅट ऑडिओ’ ठेवलं तर गेम एचडीएमआयवर आणि चॅट केबलवर, दोन स्वतंत्र ट्रॅक मिळतात. तुमच्यासारख्याला हेच हवं. पण गेमचा आवाज टीव्हीवर वाजणार आणि माइकमध्ये शिरणार, म्हणून टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून ऐका किंवा टीव्हीचा आवाज अगदी हळू ठेवा. ‘ऑल ऑडिओ’ ठेवलं तर केबलवर गेम आणि चॅट एकत्र येतात. मग कार्डाच्या एचडीएमआयवरही आवाज येत असेल तर तो ओबीएसमध्ये म्यूट ठेवा, नाहीतर तोच आवाज किंचित मागेपुढे दोनदा येऊन पिंपात बोलल्यासारखा होतो.

एचडीएमआयच्या आवाजाचा फॉरमॅट लिनिअर पीसीएम (न दाबलेला आवाज), २ चॅनेल. डॉल्बी बिटस्ट्रीम सोडलं तर बहुतेक साध्या कार्डांना ते कळत नाही, शांतता किंवा खरखर येते. ओबीएसचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, विंडोजमध्ये त्या उपकरणालाही ४८.

पिक्सेलपारखी:
ट्रॅकबद्दल: आउटपुट → अ‍ॅडव्हान्स्ड → रेकॉर्डिंगमध्ये १ ते ४ ट्रॅकवर खूण करा. मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये १ वर सगळं, २ वर गेम, ३ वर माइक, ४ वर चॅट. साधे प्लेअर पहिलाच ट्रॅक वाजवतात, म्हणून एकत्र आवाज पहिल्यावर हवा.

माइक लगेच पोचतो, कार्डाचं चित्र थोडं उशिरा. कंट्रोलरचं बटण माइकजवळ जोरात दाबा, ज्याचा गेममध्ये लगेच आवाज होतो असं. रेकॉर्डिंग एडिटरमध्ये उघडलं की माइक ट्रॅकवर टिकटिकीचं टोक आणि गेम ट्रॅकवर आवाजाचं टोक, दोन्ही दिसतात. मधलं अंतर मिलिसेकंदांत मोजा आणि माइकच्या ‘सिंक ऑफसेट’मध्ये घाला. गेमचा स्वतःचा प्रतिसादाचा उशीर त्यात मिसळलेला असतो, म्हणून मेनूमधला कर्सर हलवायचा आवाज वापरा, तो सहसा सगळ्यात चपळ असतो.

रात्रपाळी:
चॅट केबल जोडली. मित्रांचे आवाज आले, वेगळ्या ट्रॅकवर. पण मागे सतत हलकी भुणभुण आहे, पीएस५ वर चित्र जड झालं की वाढते.

ध्वनिलहर:
लॅपटॉपचा चार्जर काढून १ मिनिट रेकॉर्ड करा.

रात्रपाळी:
चार्जर काढला की पूर्ण बंद.

ध्वनिलहर:
ग्राउंड लूप आहे. कन्सोल आणि लॅपटॉप एचडीएमआयच्या ग्राउंडने जोडलेले आहेतच, कंट्रोलर यूएसबी केबलने पीएस५ ला लावलेला असेल तर चॅट केबलने दुसरा रस्ता मिळतो आणि दोन्ही उपकरणं भिंतीतल्या विजेवर आहेत, त्यामुळे त्या वळशात प्रवाह फिरतो. ३.५ मिमीचा ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. तो कार्डाकडे जाणाऱ्या तीन खणांच्या टोकावर लावा. हेडसेटच्या बाजूला लावला तर माइक बंद पडेल. लावल्यावर आवाजाची पातळी थोडी उतरते, ती ओबीएसमध्ये गेन फिल्टरने ३ ते ६ डेसिबल वर घ्या.

प्रवासी_पॅड:
आणि पहिल्या स्विचचं चॅट? ते तर फोनच्या अ‍ॅपमधून असतं ना?

ध्वनिलहर:
हो, त्या अ‍ॅपवरचं चॅट कन्सोलमधून येतच नाही, त्यामुळे डॉकच्या एचडीएमआयवर ते शोधू नका. तीच चॅट केबल फोनच्या हेडफोन जॅकला लावा. जॅक नसेल तर सी टाइपच्या ऑडिओ अ‍ॅडाप्टरमधून. कार्डाकडचं टोक आणि आयसोलेटर जसेच्या तसे राहू द्या, ओबीएसमध्येही चौथा ट्रॅक तोच राहील.